रिकाम्या फेरीचा हिशेब

सध्या मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत सुटले आहे: नदी ओलांडायला किती खर्च येतो? घरचे वैतागलेत. ऑफिसात मी डबा घेऊन आले की लोकांना अचानक फोन येतात. पण मी तरी काय करू? कारखान्यांचे उत्पादनखर्च काढणं हा माझा धंदा. एका बोल्टला किती पडले, साबणाच्या एका वडीला किती पडले, हे पैशापर्यंत सांगायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. आणि आता मला असा एक व्यवसाय सापडलाय, जिथे 'एका नगाला किती पडले' हा प्रश्न विचारला की उत्तर येतं: शून्य. किंवा सगळेच्या सगळे. दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर! फेरीबोट हो, फेरीबोट. गोव्यातली, मांडवीवरची, ती चपट्या बुडाची, पुढची फळी धाडकन धक्क्यावर टाकणारी.

रायबंदरला उभी होते, चोडणला जायला. सलीम अली पक्षी अभयारण्य बघायचं होतं. (बघितलं. पक्षी छान होते. एवढं पुरे.) बोट आली, स्कूटरी भसाभस उतरल्या, तितक्याच भसाभस चढल्या, शाळेतली पोरं, मासळीच्या टोपल्या, एक टेम्पो, दोन मोटारी. मी पर्स उघडून तिकीटवाल्याला शोधतेय, तर खलाशी म्हणाला, "बाय, माणसाला तिकीट नाही. स्कूटरलाही नाही. चारचाकी असली तर सांगा."

"मग तुमचं चालतं कसं?"

"डिझेलवर," तो म्हणाला.

विनोद म्हणून सोडून देता आलं असतं. पण पलीकडे उतरले, मागे वळून बघितलं, तर तीच बोट जवळजवळ रिकामी परत निघाली होती. परतीच्या दिशेला त्या वेळी गर्दीच नव्हती. इंजिनाचा आवाज तोच, धूर तोच, सुकाणूवरचा माणूस तोच. माझ्या डोक्यातला हिशेबनीस खडबडून जागा झाला. अरे! या बोटीला माणसं किती बसली याच्याशी काही देणंघेणंच नाही!

नीट बघा. खर्च कशाकशावर होतो? सुकाणू धरणारा मास्तर, इंजिन सांभाळणारा, दोर टाकणारे, फळी उचलणारे खलाशी. पहाटेपासून रात्रीपर्यंत बोट चालायची तर त्यांच्या पाळ्या आल्या, सुट्ट्यांच्या बदल्या आल्या. मग बोट पाण्याबाहेर काढून बूड खरवडणं, रंग, पत्रे बदलणं. मग डिझेल. यातली एकही बाब प्रवाशांच्या संख्येने वाढत नाही. शंभर माणसं असोत की एक म्हातारी आणि तिची कोंबडी, खर्च फेरीचा. माणसाचा नव्हेच.

आणि अंतराचाही जवळजवळ नाही! हे तर मला आणखी थरारक वाटलं. एवढ्याशा पात्रात बोट पाण्यातून चालते मोजकी मिनिटं; बाकी वेळ धक्क्याला लागणं, फळी टाकणं, गाड्या उतरवणं, गाड्या चढवणं. म्हणजे पगार मुख्यतः उभं राहण्याचा. नदी निम्मी रुंद असती तरी खर्च निम्मा झाला नसता. छोट्या अंतराची फेरी म्हणून स्वस्त, असं सहज वाटतं. उलट दर किलोमीटरला भागाल तर ती विलक्षण महाग वाहतूक आहे. आणि तरीही फुकट देणं शहाणपणाचं असू शकतं!

कसं, ते सांगायला मला थेट १८४४ सालच्या फ्रान्समध्ये जावं लागेल. ज्यूल द्युप्वी नावाचा एक सरकारी इंजिनिअर होता, रस्ते आणि पूल खात्यातला. पुलाचा उपयोग पैशात मोजायचा कसा, यावर त्याने त्या वर्षी एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: पूल एकदा उभा राहिला की आणखी एक माणूस त्यावरून चालत गेल्याने पुलाला काही खर्च येत नाही. पण तुम्ही टोल लावला आणि तो परवडत नाही म्हणून एक माणूस नदीकाठावरून परत फिरला, तर त्याचं नुकसान झालं. ते नुकसान टोलवाल्याच्या खिशात गेलं का? नाही. सरकारच्या? नाही. ते कुणालाच मिळालं नाही, नुसतं वाया गेलं! कॉलेजात हे सगळं आम्ही आकृतीतला एक त्रिकोण म्हणून पाठ केलं होतं. तो त्रिकोण म्हणजे धक्क्यावरून परत फिरलेली माणसं आहेत, हे कुणी तरी तेव्हाच नदीवर नेऊन दाखवायला हवं होतं.

आता फेरीला हे लावा. एका फेरीला सगळं मिळून, समजा, सहाशे रुपये पडतात. आकडा माझा, निव्वळ उदाहरणाचा. तीस माणसं असली तर डोक्यामागे वीस रुपये. वीस रुपये तिकीट लावलं. दहा माणसं घरी बसली. आता उरलेल्या वीस जणांना तीस रुपये पडतात. तीस लावले, आणखी पाच गळले. खर्च? तोच सहाशे. बोट? तीच. म्हणजे 'खर्च भरून काढणारं' तिकीट बोट रिकामी करत जातं आणि हिशेबाच्या वहीत दर माणशी खर्च फुगत जातो. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, बघा, प्रवासीच नाहीत, मार्ग बंद करा!

शिवाय तिकीट फाडायला माणूस लागतो, हा खर्च कुणी धरतच नाही. सुट्टे पैसे शोधण्यात बोट धक्क्याला जास्त वेळ अडते, ती मिनिटं वेगळी. छोट्या फेरीत वसुलीच फेरीला खाऊन टाकू शकते.

गोव्यात हा वाद अगदी ताजा आहे. २०२३ मध्ये नदी परिवहन खात्याने दुचाकींना फेरीमागे दहा रुपये लावायचं ठरवलं, महिन्याचा पास दीडशेचा. दीडशे म्हणजे दिवसाला पाच रुपये. पुण्यात एवढ्यात कुणी स्कूटर पार्कही करू देत नाही. तरी बेटांवरून असा काही गदारोळ उठला की निर्णय थोपवावा लागला. मी पुण्याची असल्याने माझी पहिली प्रतिक्रिया 'एवढं काय त्यात?' अशीच होती. मग मी नकाशा उघडला. चोडणला निदान मयेच्या बाजूने रस्ता आहे. दिवाडीला पूलच नाही! जुने गोवे, रायबंदर, नार्वे, कुठूनही या, शेवटी फेरीबोटच. दिवाडीतल्या माणसाला बँकेत, इस्पितळात, कॉलेजात, लग्नाला, मयताला, सगळीकडे जायला ही बोट. आमच्या दारातून चौकात जायला कुणी पाच रुपये मागितले असते तर आम्ही काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. आम्ही आधी एक समिती काढली असती आणि मग तिच्यात फूट पाडली असती.

थांबा, खरी गंमत अजून पुढेच आहे. फेरीचं खरं भाडं पैशात नसतंच, ते वाट बघण्यात असतं!

१९७२ मध्ये हर्बर्ट मोरिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने शहरी बसवर एक लेख लिहिला. त्याचा गाभा ऐकून मी अक्षरशः खुर्चीतून उठले. दुकानात गिऱ्हाईक वाढलं की रांग वाढते, बाकीच्यांना त्रास. बसचं, बोटीचं उलटं होऊ शकतं. दर वीस मिनिटांनी एक बोट असेल तर अवचित येणारा माणूस सरासरी दहा मिनिटं थांबतो. प्रवासी वाढले म्हणून दुसरी बोट लावली, दर दहा मिनिटांनी एक. आता सगळ्यांचीच सरासरी पाचावर आली. नव्या प्रवाशाने जुन्या प्रवाशाला पाच मिनिटं बक्षीस दिली! आणि हे बक्षीस कुठल्याच तिकिटात धरलेलं नसतं. म्हणून सार्वजनिक वाहतुकीला अनुदान द्यावं, यामागचं हे एक भक्कम कारण. दया नाही, धर्मादाय नाही, साधा हिशेब.

उलटा गिअर मात्र भयंकर. प्रवासी कमी म्हणून एक बोट काढली, वाट बघणं दुप्पट झालं, ज्याला जमेल तो दुसरा रस्ता शोधू लागला, प्रवासी आणखी कमी, मग आणखी एक फेरी कापा. गावोगावच्या एसटीच्या मुक्कामी गाड्या अशाच गेल्या ना?

याच वाटेने मी रात्रीच्या शेवटच्या फेरीपाशी पोचले. ही सगळ्यात रिकामी फेरी. कोणताही हिशेबतपासनीस पहिली कात्री इथे लावील. मीही लावली असती, साबणाचा कारखाना असता तर! पण पणजीत कामाला जाणारी बाई सकाळच्या बोटीने निर्धास्त जाते ती कशाच्या भरवशावर? उशीर झाला तरी शेवटची बोट आहे, याच्या. महिन्यातून एखाद्या वेळीच ती तिला लागेल. म्हणजे शेवटच्या फेरीची कमाई सकाळच्या फेरीत जमा होत असते. शेवटची कापली की सकाळचीही माणसं गळतात, आणि का गळली ते वहीत दिसत नाही.

मग सगळंच फुकट असावं का? अजिबात नाही! इथे मोटार येते, आणि तिथे माझा सूर बदलतो. आणखी एका माणसाचा खर्च शून्य हे खरं, पण बोटीवर जागा शिल्लक असेल तोवरच. माणूस उभ्याने मावतो. एक मोटार पाच-सहा स्कूटरींची जागा खाते. गर्दीच्या वेळी एक मोटार चढली की मागे स्कूटरवाले राहिले, त्यांची एक फेरी हुकली. मोटारीचं भाडं डिझेलसाठी घ्यायचंच नाही. मागे राहिलेल्यांच्या वेळेसाठी घ्यायचं. जुन्या फेरीबोटींना चढ-उताराचं तोंड एकच, त्यामुळे मोटार मागे घेत चढवण्या-उतरवण्यात जाणारा वेळ वेगळाच. मी बघितलेला तो पर्यटक, तीनदा मागे-पुढे, खलाशी हातवारे करतोय, स्कूटरवाले हॉर्न वाजवताहेत. त्या एका माणसाने शंभर माणसांची मिळून किती मिनिटं खाल्ली असतील?

२०२५ च्या पावसाळ्यात याच रायबंदर–चोडण मार्गावर 'गंगोत्री' आणि 'द्वारका' या दोन रो-रो बोटी आल्या, जास्त वेगाच्या, जास्त मोटारी घेणाऱ्या. पायी माणूस आणि दुचाकी फुकट, मोटारीला पैसे. फेरीचा वेळ कमी म्हणजे तेवढ्याच पगारात जास्त फेऱ्या. इतकं सरळ गणित आणि तरी मी कौतुकाने बघत राहिले. वेग हा इथे चैनीचा भाग नाही, तो पगाराचा भाजक आहे!

आता माझ्या उत्साहाला जरा टाचणी लावणारी गोष्ट. कोकणात दाभोळ ते धोपावे अशी जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, चालते, वाशिष्ठीच्या मुखाशी. दापोली इकडे, गुहागर तिकडे. २००३ पासून खासगी कंपनी चालवते, माणूस, स्कूटर, मोटार, सगळ्यांना तिकीट. पुढे वेश्वी–बागमांडला, तवसाळ–जयगड असेही मार्ग निघाले. मग माझ्या द्युप्वीचं काय? तिकीट लावूनही इथली माणसं परत का नाही फिरली?

यावर मी बराच विचार केला आणि मला वाटतं उत्तर वळशात आहे. दाभोळहून रस्त्याने पलीकडे जायचं तर पार चिपळूणला जाऊन यायचं. पेट्रोल, वेळ, घाटातलं डोकं उठणं, हे सगळं समोर ठेवल्यावर मोटारवाला जेटीचे पैसे आनंदाने देतो. आणि मोटारवाले तिथे पुष्कळ: मुंबई-पुण्याचे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत निघालेले. त्यांचं वाचलेलं पेट्रोल म्हणजे जेटीचा गल्ला. सुट्टीतला मोटारवाला अप्रत्यक्षपणे धोपाव्याच्या कॉलेजकुमाराच्या रोजच्या फेऱ्या शक्य करतो, कारण जेटी चालू राहते ती त्याच्या जिवावर. अनुदान इथेही आहेच, फक्त सरकारच्या वहीत नाही. आणि म्हणूनच 'कोकणात जमतं, मग गोव्यात का नाही' हा युक्तिवाद मला पटत नाही. दिवाडीच्या फेरीत बहुतेक रोजचेच लोक. त्यांना लुटायला वळसाच नाही, आणि बेटावर राहतात हा काही गुन्हा नाही.

याहून टोकाचं उदाहरण केरी–तेरेखोलचं. तेरेखोल हे गाव गोव्याचं, पण नदीच्या उत्तर काठावर, सिंधुदुर्गाला चिकटलेलं. स्वतःच्या पेडणे तालुक्यात सरळ जायचं तर फेरीबोट. नाहीतर महाराष्ट्रातून, किरणपाणीच्या पुलावरून फिरून. आणि ओहोटीला पाणी फार उतरलं की बोट थांबते! या फेरीचा हिशेब प्रवाशांच्या डोक्यांवर करणारा माणूस माझ्यासमोर आला तर मी त्याला ओहोटीच्या वेळी केरीच्या धक्क्यावर उभं करीन.

गंमत म्हणजे एके काळी हे सगळं उलटं होतं. ब्रिटिश अमलात कोकणातल्या तरींचा लिलाव व्हायचा. ठेकेदार सरकारला पैसे भरायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून वसूल करायचा. फेरी हा सरकारचा खर्च नव्हता, उत्पन्न होतं! नदी ओलांडायला दुसरा मार्गच नव्हता ना. पूल झाले, गर्दीचे मार्ग पुलांनी उचलले, आणि फेरीच्या वाट्याला उरले ते तोट्याचेच. मग आपण म्हणतो, फेरीचा धंदा तोट्याचा. अहो, नफ्याचा भाग तुम्हीच काढून नेलात की!

लंडनमध्ये तर यावरून भांडण झालं. एकोणिसाव्या शतकात पश्चिम लंडनमधल्या पुलांचे टोल सार्वजनिक पैशातून फेडून पूल मोकळे केले. पूर्वेकडचे लोक म्हणाले, पैसे आमचेही गेले, मग आम्ही नदी फुकट कुठे ओलांडायची? पूर्वेला मोठी जहाजं येत-जात असल्याने पूल अवघड. शेवटी १८८९ च्या मार्चमध्ये वुलिचला फुकट फेरी सुरू झाली आणि ती आजही फुकटच आहे. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पणजीच्या अटल सेतूवर २०१९ पासून मोटारी धावताहेत, टोल न देता. मग त्याच मांडवीवर थोडं वर दिवाडीच्या माणसाने बोटीचे पैसे का द्यावेत? पुलाला आपण 'विकास' म्हणतो आणि बोटीला 'अनुदान', एवढाच फरक!

कॅनडाने तर दोन्ही एकाच वहीत लिहिली. प्रिन्स एडवर्ड आयलंड १८७३ मध्ये कॅनडात सामील झालं ते मुख्य भूमीशी आगबोटीची सेवा चालू ठेवण्याचं वचन घेऊनच. पुढे पूल बांधायचं ठरलं तेव्हा सरकारने फेरीवर दरवर्षी जे अनुदान जात होतं त्याच्याच हिशेबाने बांधणाऱ्या कंपनीला पुढची काही दशकं वार्षिक रक्कम द्यायचं कबूल केलं. १९९७ मध्ये जवळजवळ तेरा किलोमीटरचा पूल उघडला, त्या मार्गावरची फेरी बंद झाली, आणि वचन राज्यघटनेत असल्याने आधी घटनादुरुस्ती करावी लागली. बोटीसाठी घटनादुरुस्ती! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पण पूल आला म्हणजे बोट भंगारात, असं मी म्हणणार नाही. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. भर पावसाळा. राजधानी आणि बार्देश यांच्यामधला मोठा दुवा एका दिवसात गेला. त्याच्या जागी नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. मधल्या काळात मोठा भार पणजी–बेती फेरीबोटींवर. गोव्यातल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा, त्या रांगांच्या गोष्टी सुरू होतात आणि संपत नाहीत. आता मला सांगा, ४ जुलैला एखाद्या तपासनिसाने बेतीच्या फेरीचा 'दर प्रवासी तोटा' काढला असता तर काय निष्कर्ष आला असता? बोटी, मास्तर, खलाशी, धक्के, ही सगळी जुळणी बाजारातून एका आठवड्यात विकत मिळत नाही. ती रोज थोडी थोडी चालवूनच शिल्लक राहते. कोकणात आता सागरी महामार्गासाठी दाभोळ, जयगड, बाणकोटच्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. मोटारवाला पुलावर गेला की जंगलजेटीचा गल्ला संपला. तेव्हा पायी माणसाची आणि टोपलीवालीची फेरी कोण चालवणार, हे पुलाच्या अंदाजपत्रकातच लिहावं, नंतर नव्हे.

माझं दरपत्रक तयार आहे, कुणी मागितलेलं नसलं तरी. पायी माणूस फुकट. दुचाकी फुकट. मासळीची टोपली फुकट. मोटारीला भाडं, सकाळ-संध्याकाळ चढं, दुपारी उतरतं, आणि जमा झालेली रक्कम त्याच मार्गावर जास्त फेऱ्यांसाठी राखीव. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने लगेच कोपरखळी मारली: दिवाडीतल्या आजारी माणसाला मोटारीतूनच न्यावं लागतं, त्याचं काय? बरोबर आहे. बेटावरच्या मोटारीला नाममात्र पास, रुग्णवाहिकेला नेहमीच पहिली जागा. मग तो म्हणाला, आणि ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, दिवाडीच्या बोंदेरा उत्सवाला, अख्खा गोवा बेटावर लोटतो तेव्हा? त्या दिवशी बाहेरच्या मोटारीला मी जो दर सांगितला तो ऐकून त्याने डबा उचलला आणि तो दुसऱ्या टेबलावर गेला.